क्यूआर कोड हवाच, पण मापाचं काय?

कुणीतरी म्हटलंय की कोल्हापुरी चपलेवर मोबाइलनं स्कॅन करायचा क्यूआर कोड आल्यानं नकली माल खपवण्याची फसवणूक थांबेल. कोड हवाच. २०१९ साली या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्र-कर्नाटकातले आठ जिल्हे आले. कोडमुळे चप्पल कुणी, कुठं बनवली ते कळतं. पण नवी चप्पल चावली तर? आमचा कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीतला, म्हणजे चपलांच्या बाजारातला, दुकानदार गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पेनानं पाय आखून घेतो, अंगठ्याची पकड बघतो, तेल कसं लावायचं ते सांगतो. हल्ली पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तशाच आखणीशेजारी मोजपट्टी ठेवून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. खरी सुधारणा मला ही वाटते! ऑनलाइन विकणाऱ्यांनी निदान पायाची रुंदी तरी विचारावी, नुसत्या सात-आठ नंबरावर भागत नाही.