आधारद्रव्याला ‘निष्क्रिय’ म्हणणे योग्य आहे का?

धागाकर्ती (प्राध्यापिका, नागपूर):
‘ज्यावर धातूचे कण बसवतात तो निष्क्रिय पदार्थ’ ही उत्प्रेरकातील आधारद्रव्याची व्याख्या विद्यार्थी अजूनही पाठ करून येतात आणि ती मला चुकीची वाटते. ऑक्साइडचा पृष्ठभाग हायड्रॉक्सिल गटांनी झाकलेला असतो आणि द्रावणाच्या सामूनुसार ते प्रोटॉन घेतात किंवा सोडतात. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) पृष्ठभागावरचा विद्युतभार सामू ८ ते ९ च्या आसपास शून्य होतो, सिलिकाचा २ च्या आसपास; सामू त्याखाली असला की भार धन, वर असला की ऋण. म्हणूनच आम्लधर्मी द्रावणातला क्लोरोप्लॅटिनेट हा प्लॅटिनमयुक्त ऋण आयन ॲल्युमिनाला चिकटतो, पण सिलिकावर जेमतेम टिकतो. तिथे प्लॅटिनमचा अमोनियायुक्त धन आयन अल्कधर्मी द्रावणातून द्यावा लागतो. आपल्याकडे तर हा पृष्ठभाग ऋतूही ओळखतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तोललेले गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचे सच्छिद्र रूप) जुलैत उघडे ठेवून तोलले, तर शोषलेल्या पाण्याने वजन वाढते आणि धातूच्या प्रमाणाचा हिशेब चुकतो.

निवृत्त अभियंता, मनीषनगर:
मॅडम, उत्प्रेरकाच्या तयारीपुरते आपले म्हणणे मान्य आहे. मात्र खत कारखान्यात आम्ही मिथेन वाफेने फोडत असू, तिथे आधारद्रव्याकडून बळकटीच हवी असे. गॅमा ॲल्युमिनाचे ग्रॅममागे सुमारे २०० चौरस मीटर असलेले क्षेत्रफळ ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे, अल्फा रूपात, १० च्याही खाली येते. तरी आम्ही अल्फाच घेत असू, कारण नळीत भरलेल्या उत्प्रेरकाच्या गोळ्यांचा चुरा झाला की त्या नळीतून वायू कमी जातो आणि ती वाजवीपेक्षा जास्त तापते. विद्यार्थ्यांना आधी हे शिकवा.

संशोधक विद्यार्थी:
१९७८ मध्ये टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की टायटानियावरचे (टायटॅनियम डायऑक्साइडवरचे) प्लॅटिनम हायड्रोजनमध्ये ५०० अंशांना तापवल्यास पुढे हायड्रोजन जवळजवळ शोषतच नाही. अर्धवट क्षपण झालेले टायटॅनियम ऑक्साइड धातूवर चढून बसते, हे कारण नंतर उलगडले. अशा आधारद्रव्याला निष्क्रिय कसे म्हणावे?

धागाकर्ती:
काका, आपल्याच नळ्यांचे उदाहरण घेते. आधारद्रव्याच्या आम्ल जागांवर कार्बन साचू नये म्हणून त्या उत्प्रेरकात पोटॅश (पोटॅशियमचे अल्कधर्मी संयुग) घालतात; त्याने आम्लता मारली जाते आणि साचलेल्या कार्बनची वाफेशी क्रियाही वेगाने होते. ही पृष्ठभागाचीच दुरुस्ती नव्हे का?

निवृत्त अभियंता:
आहे, आणि ‘निष्क्रिय’ हा शब्द चुकीचा, हे मी मानतो. पण तोच पोटॅश उष्णतेने हळूहळू उडतो आणि पुढच्या थंड भागात जमतो. म्हणून बळकटी आणि तापसहनशीलता आधी, हा माझा क्रम मी बदलणार नाही.