फाटकाजवळची मोठी बोगनवेल काढावी लागणार आहे, तिचं बोन्साय होईल का?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. आमचं गाव मोर्शी तालुक्यात. फाटकाजवळ मामंजींनी लावलेली बोगनवेल आहे, गडद राणी रंगाची. म्हणायला वेल, पण वरून छाटत राहिल्याने आता भलंमोठं झुडूप झालंय. जमिनीलगत बुंध्याला टेप लावला तर घेर 19 इंच भरला. वीतभर वर बुंध्याला पीळ पडलाय आणि एका अंगाला खोल खोबण आहे, त्यात सरडा राहतो.

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता होणार आहे. नाली नेमकी फाटकाला लागून जाते, त्यामुळे झाड राहत नाही. घरचे म्हणतात, एखादी फांदी परसात खोचून दे, लागते. लागते हे मलाही माहीत आहे. पण फांदी लावली तर असा बुंधा व्हायला माझं उरलेलं आयुष्य जाईल. मला हाच बुंधा हवा आहे. नागपूरला एका प्रदर्शनात बोगनवेलीचं बोन्साय पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या झाडाचंही होऊ शकतं.

मार्च संपत आला. आत्ता काढू की पावसाची वाट पाहू? किती उंचीवर कापू? आमच्याकडे सगळी काळी माती, ती कुंडीत चालेल का? आणि बोन्सायचा तो उथळ ट्रे आत्ताच आणून ठेवू का?

निंबाचा पार

ताई, आधी पेन्सिलीएवढ्या जाड दहाबारा फांद्या कापून पिशव्यांत लावून टाका. मोठं झाड दगावलं तरी त्याच रंगाचं झाड घरात राहील. बाकी मला विचाराल तर मे महिन्यात त्याला हात लावू नका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, उपटलेलं झाड जगवणं कठीण.

संत्राबाग वरूड

पऱ्हाटीताई, होते. आणि तुमच्याकडे संत्र्याची चार झाडं असतील तर यातलं निम्मं काम तुम्हाला येतेच. मी बागाईतदार, बोन्सायचा नाद नंतर लागला. बोगनवेलीवर जे काही करतो ते बगीच्यातच शिकलेलं आहे.

ट्रे आणू नका. आधी झाड जगवायचं, मग त्याला मुळं आणायची, मग फांद्या, आणि ट्रे सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. उपटलं की लगेच सुंदर कुंडीत बसवतात, आणि दोन महिन्यांनी ठूठ घेऊन बसतात.

वेळ कोणती, हे ठेकेदारावर आहे. त्याला आजच जाऊन भेटा. तुमच्या बाजूची नाली तो शेवटी घेत असेल तर आत्ता फक्त वरचा पसारा कापा आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्ध्या बाजूने चर खणून तेवढीच मुळं तोडा. चरात मुरूम आणि शेणखत भरून ओलं ठेवा. त्या बाजूला बुंध्याजवळ नवी मुळं सुटतील. मग आर्द्रा लागल्यावर, दोन चांगले पाऊस झाले की उचला. तो थांबत नसेल तर याच आठवड्यात काढा. बोगनवेलीला गरमी चालते, मुळं गरमीतच फुटतात. तिला मारते ती लू आणि कोरडी हवा. गोठ्याच्या उत्तरेला सावलीत, वरून हिरवी नेट, बुंध्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, एवढं केलं तर एप्रिल निघून जाते.

आता उंची. घेर 19 म्हणजे जाडी सहा इंच. बोन्सायवाले ढोबळमानाने जाडीच्या सहापट उंची धरतात, म्हणजे तीन फूट. एवढं झाड दोन माणसांनाही उचलणार नाही. तुम्ही चौपट धरा, दोन फूट. त्यातला खालचा फूटभर जुना बुंधा आणि वरचं सगळं नव्या फुटव्यातून घडवायचं. पण आत्ता दीड फुटावर कापा, कारण बोगनवेल कापलेल्या जागेपासून खाली वाळत येते. पुढच्या वर्षी जिवंत कुठपर्यंत आहे ते पाहून तिरका काप घ्यायचा. खोबण आणि पीळ पुढच्या अंगाला राहील असंच सगळं ठरवा, तेच तुमच्या झाडाचं रूप आहे.

खणताना एक ध्यानात ठेवा. बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात, संत्र्याच्या कलमासारखा मातीचा गोळा धरून राहत नाहीत. टिकास बुंध्याजवळ मारू नका, सब्बलीने उचकटू नका. दूरून खणत या, जाड मुळं आरीने कापा. बुंध्याखाली सरळ जाणारी जाड मुळं जेवढी आखूड करता येतील तेवढी करा, म्हणजे पुढे उथळ ट्रेमध्ये बूड टेकेल. आजूबाजूला पसरलेली बारीक मुळं मात्र एकही वाया जाऊ देऊ नका.

सगळ्या जाड कापांना धारदार चाकूने गुळगुळीत करा आणि बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे आपलं नेहमीचं माप. तुम्हाला शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरे. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. या झाडाचं लाकूड मऊ, काप सहसा भरून येत नाही, पाणी मुरलं की आतून पोकळ होत जाते. तुमच्या खोबणीतही पाहून घ्या, सड लागली असेल तर कोरून काढा आणि तिथेही पेस्ट लावा.

काळी माती अजिबात नको. शेतात ती सोनं आहे, कुंडीत पाणी धरून बसते आणि वाळली की आवळून मुळं तोडते. विटांचा चुरा ज्वारीपासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा चाळून घ्या, धूळ फेकून द्या. तेवढाच चाळलेला मुरूम, आणि दोन्ही मिळून जेवढं होईल त्याच्या पाव हिस्सा जुनं कुजलेलं शेणखत. जुन्या टबाला किंवा फुटक्या घमेल्याला बुडाशी भरपूर भोकं पाडून त्यात लावा, आणि झाड दोरीने टबाला असं बांधा की हलवलं तरी हलणार नाही. नव्या मुळाचं टोक हलण्यानेच तुटते.

कुंती

मी वर्धा जिल्ह्यातून. माझ्या कुंपणाच्या कुंतीच्या (कामिनीच्या) झुडपांचे बोन्साय केलेत. मी तर शेवटच्या उंचीवरच कापते, पुन्हा पुन्हा काप कशाला? आणि फुटवे आले की झाड लागलं समजायचं ना?

संत्राबाग वरूड

कुंतीताई, कुंतीचं लाकूड कठीण, काप वाळत खाली येत नाही, म्हणून तुमचं बरोबर. बोगनवेलीला तो भरवसा नाही.

फुटव्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात. बुंध्यात साठवलेलं अन्न असते, त्यावर तीन-चार आठवड्यांत लालसर कोंब फुटतात. मुळं तोवर फुटलेली असतीलच असं नाही. लोक खुश होऊन झाड उन्हात ठेवतात, खत टाकतात, आणि कोंब एका दुपारी काळे पडतात. ते कोंब हातभर वाढून खाली लाकूड धरू लागले की मुळं आली समजा. तोवर नेट काढायची नाही, खताचं नाव नाही, आणि पाणी वरची माती सुकल्यावरच.

पऱ्हाटी

ठेकेदाराला भेटले. तो दुसऱ्या टोकाकडून काम सुरू करतो म्हणाला, आमची बाजू जूनअखेर. आज मिस्टरांनी वरचा पसारा कापला, काट्यांनी हात सोलून निघाले. उद्या चर खणतो. एक विचारायचं राहिलं, फांद्या वळवायला घरात बांधकामाची बायंडिंग तार पडली आहे ती चालेल? आणि फुलं कधी दिसतील?

संत्राबाग वरूड

ती लोखंडी तार नको, कडक असते, सालीत रुतते आणि गंजते. अॅल्युमिनियमची दोन-तीन मिलीमीटरची घ्या. जुनी फांदी वळवायला जाल तर कट्कन मोडते. फुटवा हिरव्याचा तपकिरी होऊ लागतो, त्याच दिवसांत तार गुंडाळून वळवायचा. पानाच्या बेचक्यातला काटा आधी सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) काढून टाका. तार सालीत रुतायच्या आत सोडा, पावसाळ्यात ती फार लवकर रुतते. बुंध्यावर नको तिथे येणारे पाणसोट, म्हणजे सरळ जोरात वाढणारे फुटवे, संत्र्यासारखेच कोवळे असताना मोडा, पण पहिल्या पावसाळ्यात नाही. तेव्हा प्रत्येक पान कामाचं.

फुलांचं म्हणाल तर ताण, म्हणजे काही काळ पाणी तोडणं. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी आपण भारी जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडतो, कुंडीत मात्र दोन-तीन दिवसांतच पानं मान टाकतात. मान टाकली की पाणी द्यायचं, पुन्हा थांबायचं. दिवाळीनंतर दिवस लहान असतात, ऊन स्वच्छ असते, तेव्हा हे करायचं. युरिया देऊ नका, नुसता पाला वाढतो. पण यंदाच्या हिवाळ्यात ताण नको, पुढच्या वर्षी मुळांनी टब भरला की द्या.

चर खणताना निघालेल्या मुळांचा फोटो टाका. उचलताना कोणत्या बाजूने जोर द्यायचा ते सांगतो.