साडेसात मिनिटांचं गाणं सिंगल म्हणून काढायचं, का कापायचं?

फझवाला_पुणेरी
मंडळी सल्ला हवाय. आमचा चौघांचा बँड आहे पुण्यात, लेबल (गाणी काढणारी कंपनी) नाही मॅनेजर नाही, तिघं नोकरी करतात आणि बेसवाला अजून इंजिनिअरिंगचे बॅक सोडवतोय. म्युझिक कसलं विचाराल तर एक्सपेरिमेंटल रॉक म्हणतो आम्ही, कारण दुसऱ्या कुठल्या खोक्यात बसत नाही. नवीन सिंगल (एकटंच रिलीज करायचं गाणं) रेडी आहे, मिक्स झालंय, मास्टरिंग (रिलीजआधी आवाजावरचा शेवटचा हात) बाकी. लांबी 7 मिनिटं 40 सेकंद. सुरुवातीचं दीड मिनिट स्वारगेट स्टँडवर मोबाईलवर रेकॉर्ड केलेला गोंगाट आणि त्याच्याखाली गिटारचा ड्रोन (सलग चालू राहणारा एकच सूर), मग संबळ येतं सात मात्रांत (संबळवाले काका आधी म्हणाले हे आमच्यात असं नसतं, मग दोनदा ऐकलं आणि म्हणाले चला वाजवू), पाचव्या मिनिटापर्यंत ते चढत जातं आणि मग सगळं एकदम फुटतं.
तर ड्रमर म्हणतोय साडेतीन मिनिटांचा एडिट (कापलेली छोटी आवृत्ती) काढ, एवढं कोण ऐकणार. मी म्हणतो कापलं तर फुटायला उरेल काय? भांडण पार तालीम बंद पडायपर्यंत गेलंय. शिवाय अपलोड किती आधी करायचं आणि काकांचं नाव-पैसे याचं नीट कसं करतात तेही सांगा. त्यांना त्या दिवशी पाकीट दिलं होतं, कागद काहीच नाही.

मात्रा_मोजणारा
ड्रमर बरोबर आहे, पण त्याचं कारण चुकीचं आहे. कोण ऐकणार हा मुद्दाच नाही. हिशोब असा की स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात, पुढे दोन मिनिटं ऐका नाहीतर आठ, पैसे तेवढेच. आणि 2024 पासून 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या ट्रॅकचे पैसेच मिळत नाहीत. तुझे पहिले 90 सेकंद एसटी स्टँड आहे. नवीन माणूस 12 व्या सेकंदाला पुढचं गाणं लावणार, ते मोजलंच जाणार नाही.

ड्रोन_आजोबा
@मात्रा_मोजणारा मग काय आता गाणं 30 सेकंदांच्या हिशोबाने रचायचं का रे बाबा? हजार स्ट्रीमचे मिळून वडापाव येतील चौघांना, चहा वर्गणी काढून. त्या पैशासाठी कापायचं असेल तर राहू दे.
ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डने 2022 मध्ये 18 मिनिटांचा ट्रॅक सिंगल म्हणून काढला. अख्खे अठरा. इंग्लंडच्या रेडिओहेड बँडने 1997 मध्ये ओके कंप्युटर अल्बममधलं पहिलं सिंगल काढलं तेही सहा मिनिटांच्या वरचं. लांबीने कोणाचं काही अडलं नाही.

मात्रा_मोजणारा
आजोबा, गिझर्डने 18 मिनिटं काढली तोवर त्यांचे डझनावारी अल्बम येऊन गेले होते आणि जगभर माणसं वाट बघत बसलेली. ह्यांची वाट कोण बघतंय, बेसवाल्याची आई? मोठ्या लोकांची उदाहरणं घेऊन छोट्या बँडने उडी मारायची नसते.

ड्रोन_आजोबा
बरं, मग जवळचं घे. दिल्लीचा बँड इंडियन ओशन. 2010 मध्ये लेबलच्या नादी न लागता अल्बम काढला, महिन्याला एक गाणं, वेबसाइटवर फुकट डाउनलोड. अल्बमचं नाव 16/330 खजूर रोड, म्हणजे करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात त्यांची तालीम चालायची त्याचा पत्ता. त्यांचे गायक-तबलावाले असीम चक्रवर्ती आदल्या डिसेंबरमध्येच गेलेले, त्यांचा आवाज त्या गाण्यांत आहे. मान्य, नाव त्यांचंही होतं. पण बघण्यासारखं हे की प्रत्येक गाण्याला अख्खा महिना मिळाला. तुमच्यासारख्यांनी तेच करायचं, एक गाणं घेऊन महिनाभर त्याच्याच मागे लागायचं, लोकांना स्वतः पाठवायचं, वाजवायचं. कापाकापी कशाला.

ठाणेकर_मिक्सर
मी मिक्सिंग करतो म्हणून कानाचं सांगतो, स्ट्रीमचं तुम्ही भांडा. स्पॉटिफाय साधारण -14 एलयूएफएसला (आवाजाच्या जोराचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरात) आवाज जुळवून वाजवतं. मास्टरिंगवाल्याला जाऊन “जोरात पाहिजे” म्हणू नकोस, -8 ला चेपून आणलंस तर तिथे तो खालीच ओढला जाणार आणि चेपलेलं तसंच राहणार. तुमचं गाणं जगतं ते पाचव्या मिनिटाच्या फुटण्यावर, आधीचा भाग आणि तो यात फरकच उरला नाही तर फुटेल काय? संबळाच्या काठीचा सुरुवातीचा टोला लिमिटरमध्ये (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) पहिला मरतो, ते मास्टर ऐकताना मुद्दाम तपास.
दुसरं, तो ड्रोन फोनच्या स्पीकरवर लावून बघ. 60-70 हर्ट्झवर, म्हणजे फार खालच्या सुरात, असेल तर फोनवर शून्य. लोकलमध्ये इयरफोन घालून बसलेल्याला तर स्टँडचा गोंगाट गाण्यातला का बाहेरचा तेच कळणार नाही (हे खरं तर भारी आहे, पण मुद्दाम केलं असेल तर). ड्रोनला थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली आवाजाची किंचित फाट) दे, वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या वरचे सूर) आले की छोट्या स्पीकरलाही कळतो.

गप्प_बसलेला
एक्सपेरिमेंटल म्हणजे गिटार ट्यून न करता वाजवतात तेच ना 😅

फझवाला_पुणेरी
@गप्प_बसलेला आमची ट्यून केलेली असते, नंतर बिघडवतो.
@ठाणेकर_मिक्सर दादा ड्रोन खरंच 65 च्या आसपास आहे, फोनवर लावला तर नुसता कंडक्टर ओरडतोय. आजच बघतो. काकांचं कोणी सांगा ना.

कलम_अडतीस
काकांचं आधी निस्तर, बाकी सगळं नंतर. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वाजवणाऱ्या कलाकारालाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क आहे. पाकीट दिलं म्हणजे विषय संपला असं नाही. साध्या मराठीत एक पान लिही, कुठल्या गाण्यात वाजवलं, किती दिले, पुढे कमाई झाली तर त्यांचा वाटा किती, लाइव्हला बोलावलं तर वेगळे पैसे. त्यांना वाचून दाखव, दोघांच्या सह्या. क्रेडिटमध्ये त्यांचं पूर्ण नाव आणि पुढे संबळ असं लिही, ‘ट्रॅडिशनल पर्कशन’ असलं काहीतरी लिहू नकोस, माणूस अदृश्य होतो त्यात.
आणि गोंधळाचे पारंपरिक शब्द घेतले असतील तर ते कोणाच्या मालकीचे नाहीत, पण जुन्या कॅसेटवरून तुकडा उचलला असेल तर ते रेकॉर्डिंग कंपनीचं, आपल्याकडे प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं हक्क चालतो. तसलं काही आहे का?

फझवाला_पुणेरी
नाही नाही, शब्दच नाहीत गाण्यात. आणि संबळ पूर्ण आमच्यासमोर वाजवलेलं, कॅसेट नाही. पण काका शेवटी स्वतःहून “उदो” ओरडले ते ठेवलंय.

कलम_अडतीस
मग त्या ‘उदो’सकट काकांचंच क्रेडिट. तोच बहुतेक सगळ्यात भारी भाग असेल.

मात्रा_मोजणारा
अपलोडचं राहिलं. डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणारी कंपनी) तीन-चार आठवडे आधी टाक. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं सुचवायचं तर रिलीजच्या निदान 7 दिवस आधी सुचवलेलं बरं, एकदा रिलीज झालं की ती सोय नाही. शुक्रवार धर, 2015 पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारीच येतात, पण तुमच्यासारख्यांनी बुधवारी काढलं तरी आभाळ कोसळत नाही, उलट गर्दी कमी.

ड्रोन_आजोबा
बँडकँपवरही (बँडकडून थेट गाणी विकत घ्यायची साइट) टाक. डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के कापतात, वर पेमेंटची फी, बाकी तुमचे. फक्त एक भानगड आहे, तिथले पैसे पेपॅलने (ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा) येतात आणि पेपॅलने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत. म्हणजे बर्लिनचा माणूस तुम्हाला पैसे देईल पण बिबवेवाडीचा देणार कसा! इथल्यांसाठी यूपीआयचा क्यूआर लावा आणि फाइल मेल करा. जुगाड आहे पण चालतो.

फझवाला_पुणेरी
आज तालमीत सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की अख्खं 7:40 हेच सिंगल. पण ड्रमरला एक द्यायचं ठरलं, स्टँडचा भाग दीड मिनिटावरून चाळीस सेकंदांवर आणतोय आणि ड्रोन आधीपासूनच ऐकू येईल असा करतोय, म्हणजे लांबी सात मिनिटांच्या आत येईल. फोनवर लावला, आता ऐकू येतो. रविवारी कागद घेऊन काकांकडे जातोय, फोनवर विचारलं तर म्हणाले वाटा-बिटा बघू, आधी पेनड्राइव्हमध्ये गाणं घालून आण, घरच्यांना ऐकवायचंय.
@मात्रा_मोजणारा शुक्रवारच धरलाय. बेसवाल्याच्या आईला प्री-सेव्हची (रिलीजआधीच गाणं आपल्या यादीत टाकून ठेवायची) लिंक पाठवलीये 😄

ठाणेकर_मिक्सर
मास्टर आलं की इथे प्रायव्हेट लिंक टाक, अपलोड करायच्या आधी. संबळाचा टोला मेला असेल तर तेव्हाच सांगता येईल.