शुगर, थायरॉईड, झटका... आणि सोबत आलेलं डिप्रेशन : अनुभव लिहा

रानजाई : काल शेजारच्या काकू शुगर तपासून आल्या. म्हणाल्या, "रिपोर्ट बरा आहे गं, पण कशातच मन लागत नाही." एकदम आईच आठवली. भजनी मंडळ सुटलं, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायची, इन्सुलिनचं पेन फ्रीजच्या दारात तसंच. घरात सगळे म्हणत, शुगरचा थकवा. फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "आधी जे आवडायचं ते आता करावंसं वाटतं का?" आई रडायलाच लागली. मधुमेहींमध्ये डिप्रेशन इतरांच्या दुप्पट-तिप्पट आढळतं म्हणे. त्याचे उपचार सुरू झाले आणि मग पथ्यही नीट पाळू लागली. तुमच्याकडे कोणाला असं झालंय?

सायंतारा : मला! बाळंतपणानंतर असं होतंच म्हणायचे सगळे. थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच भलतीच वाढलेली निघाली. थायरॉईड कमी पडलं तरी अशीच मरगळ येते, पण गोळी सुरू करूनही रडू थांबेना. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. दोन्ही होतं. कुकर लावलाय, बाकी नंतर.

गिरणाकाठ : बाबांना अर्धांगाचा झटका आला. फिजिओवाला यायचा तर हात उचलायचेच नाहीत. आत्या म्हणे, हट्टी झालाय. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, त्याचं औषध दिल्याशिवाय व्यायामाला मन होणार नाही. तसंच झालं.

पिंपळपान : @सायंतारा, बी-१२ पण बघून घे गं.

आबा_इस्लामपूर : निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात वीसातल्या एका प्रौढाला कधी ना कधी डिप्रेशन येऊन गेलेलं दिसलं. बहुतेकांना उपचारच नाहीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुडघेदुखीवर रोज चर्चा, यावर चकार शब्द नाही. फार वाईट वाटतं.

मोगरा : रानजाई, आई काय गायच्या?

रानजाई : गवळणी! आवाज खडा. परत जायला लागली तेव्हा आधी नुसती टाळ घेऊन बसायची.

मोगरा : डोळे भरून आले गं.

सायंतारा : आले. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका कोणी, डॉक्टरांना विचारूनच. आणि सुरुवातीचे काही आठवडे फरक दिसत नाही, धीर धरा.

गिरणाकाठ : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरात लावून ठेवा. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही.

पिंपळपान : साताऱ्यात कोणी चांगले मानसोपचारतज्ज्ञ? सासूबाईंसाठी हवेत, बायपास झाल्यापासून गप्पच असतात.

आबा_इस्लामपूर : व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, ताई.