प्रोबेशन 28 तारखेला संपतंय आणि माझी वही कोरी आहे

टॉवेलवाली: नमस्कार. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, माणसं 22. पगार, हजेरी, नवी भरती सगळं मीच बघते. सहा महिन्यांपूर्वी पॅकिंगला एक मुलगा घेतला. शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलतात, हात चपळ, खाडा जवळजवळ नाही. पत्रात सहा महिन्यांचं प्रोबेशन लिहिलंय, ते 28 ला संपतं. दोनदा त्याच्या खोक्यात निळ्या टॉवेलच्या दोन शेड मिसळल्या. दुसऱ्या वेळी व्यापाऱ्याने 40 डझन माल परत पाठवला. सासरे म्हणतात, कायम करू नकोस. मला ते पटत नाही, कारण या सहा महिन्यांत मी त्याला एकदाही समोर बसवून काही सांगितलेलं नाही. चूक झाली की सुपरवायझर ओरडायचा, तेवढंच. उरलेल्या 12 दिवसांत आढावा तरी कशाचा घेऊ? मुदत वाढवू का?

निवृत्त पर्सोनेलवाले काका: ताई, आधी नेमणूकपत्र काढा. मुदत वाढवता येईल असं त्यात लिहिलंय का ते बघा. असेल तर वाढीचं पत्र 28 च्या आत, कारण लिहून, त्याची सही घेऊन द्या. तारीख उलटली आणि तो नुसताच कामावर येत राहिला, तर पुढे वाद झाल्यावर तुमची बाजू लंगडी पडते.

दुसरं म्हणजे, तीन महिने वाढवलेत तर त्याचे वर्षातले 240 दिवस भरतील. पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. त्यानंतर सोडायचं म्हटलं तर नोटीस आणि भरपाईचा प्रश्न उभा राहतो. म्हणून 'बघू पुढे' म्हणून मुदत वाढवू नका, खरोखर शिकवायचं असेल तरच वाढवा.

आणि पीएफ? तुमची माणसं 20 च्या वर आहेत, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून लागतो. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमासुद्धा, पगार 21,000 पर्यंत असेल तर. प्रोबेशनवर आहे म्हणून थांबवलं असेल तर आजच भरा.

ताकेवाला: मी चेकिंगला 14 वर्षं आहे. ट्यूबलाइटखाली निळ्याच्या दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेला माल, कुणालाच ओळखू येत नाहीत, मलाही नाही. मुलाचं पॅकिंगचं टेबल कुठं आहे ते आधी सांगा.

टॉवेलवाली: काका, पीएफ, ईएसआय भरलंय. पत्रात वाढीची अट आहे.

दादा, तुमचं वाचलं आणि काल सकाळी सुपरवायझरशिवाय त्याच्याजवळ गेले. टेबल मागच्या भिंतीला, वर एकच ट्यूब. परत आलेल्या गठ्ठ्यातले दोन टॉवेल त्याला दिले. म्हणाला, "मॅडम, सारखेच आहेत." मग शटरपाशी उन्हात नेले. तिथं बघताच त्याने एक बाजूला काढला, "हा जरा हिरवट मारतोय." मी विचारलं, लॉट नंबर बघत नाहीस का? त्याने टॉवेलची कड उलटून दाखवली. डाइंगहून, म्हणजे रंगवून, येताना बांधलेली लॉट नंबरची चिठ्ठी शिलाईला टॉवेल गेला की सुटते. चिठ्ठी नाही म्हणून तो शेड डोळ्याने लावत होता, तीही रात्रपाळीत. हे त्याने सुपरवायझरला दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं म्हणे. माझ्यापर्यंत आलंच नाही.

काका: मग चूक कुणाची, ते तुम्हीच बघितलंत. एक करा, आजपासून वहीत तारखेनिशी लिहा: काय सांगितलं, त्याने काय केलं. दर शनिवारी दहा मिनिटं बसा आणि त्याचंही ऐका.

टॉवेलवाली: चिठ्ठीऐवजी आता लॉटचा रंगीत दोरा कडेला शिवून घेतोय आणि टेबल शटरजवळ हलवलं. सासऱ्यांना तेच दोन टॉवेल आधी आत, मग बाहेर उन्हात दाखवले. बराच वेळ बघत राहिले. मुदत वाढवत नाही. 28 ला कायम केल्याचं पत्र देणार आहे. सुपरवायझरशी मात्र अजून बोलायचंय. तो सासऱ्यांच्या वेळचा माणूस आहे, त्याला न दुखवता कसं सांगावं, कुणाला सुचलं तर लिहा.