फवारलेलं औषध शेवटी जातं कुठे? माती आणि विहिरीच्या पाण्याबद्दल प्रश्न

ओलावा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. शेताच्या खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि वरच्या अंगाला वर्षानुवर्षं फवारण्या चालू आहेत, किडीचं औषध, बुरशीचं, तणनाशक, सगळंच. पाणी दिसायला एकदम नितळ, वास नाही, चव नाही. ज्याला विचारावं तो सांगतो की उष्ण हवेत औषध आठ-पंधरा दिवसांत उडून जातं, टिकतं ते थंड देशात. हे खरंय का? आणि खरं असेल तर मग उष्ण प्रदेशातल्या नद्यांत, गाळात, माशांत औषधं सापडल्याच्या बातम्या येतात ती कुठून येतात? दुसरं म्हणजे पाणी उकळून घेतलं तर चालेल का? घरात लहान बाळ आहे म्हणून जास्त काळजी वाटते. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

लाल_माती:
अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते इतकं पसरलंय. उष्णता, ऊन, ओल, मातीतले जिवाणू या सगळ्यामुळे बरीचशी औषधं उष्ण भागात लवकर मोडतात हे बरोबर. पण "लवकर" म्हणजे किती ते बघा. एखाद्या औषधाचं अर्धायुष्य ६० दिवस असेल तर दोन महिन्यांनी अर्धं उरतं, सहा महिन्यांनीसुद्धा आठवा हिस्सा असतोच आणि मधे पुन्हा फवारणी झाली की हिशेब परत पहिल्यापासून. शिवाय जे "उडून जातं" म्हणतात त्यातलं काही खरंच हवेत उडतं आणि दुसरीकडे जाऊन पडतं. कोस्टा रिकाच्या उंच डोंगरांवरच्या जंगलात कोणी फवारायला जात नाही, तरी तिथल्या मातीत एन्डोसल्फान हे कीटकनाशक सापडलंय, खालच्या गरम पट्ट्यातनं वर गेलं आणि थंडीत खाली बसलं. मोडतं म्हणजे नाहीसं होतं असंही नाही, एन्डोसल्फान मोडून एन्डोसल्फान सल्फेट होतं आणि ते मूळ औषधाइतकंच विषारी आणि वर जास्त टिकाऊ.

आणि उष्ण प्रदेशातला पाऊस विसरू नका. तो रिमझिम नसतो, एका दुपारी कोसळतो. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत असा पाऊस आला तर औषधाला मोडायला वेळच मिळत नाही, ते मातीसकट ओढ्यात जातं. मातीला फारशी न चिकटणारी, पाण्याबरोबर सहज जाणारी औषधं (इमिडाक्लोप्रिड, अॅट्राझिन वगैरे) मुरत मुरत खाली उतरतात. मातीला घट्ट चिकटणारी (पायरेथ्रॉइड गटातली बरीच) गढूळ पाण्याबरोबर वाहून गाळात बसतात आणि ती मासे, कोळंबी, पाण्यातले किडे यांना फार वाईट. भारी काळ्या जमिनीत तर आणखी एक भानगड असते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिलं पाणी मातीतनं गाळून न जाता त्या भेगांतनं सरळ खाली जातं. मुळांच्या थराखाली एकदा औषध पोचलं की तिथे ऊन नाही, हवा कमी, जिवाणू कमी. वर महिन्यात मोडणारं औषध खाली फार जास्त टिकतं.

उष्ण प्रदेशात औषध टिकत नाही असं म्हणणाऱ्याला मार्टिनिक आणि ग्वादलूपचं उदाहरण द्या. कॅरिबियनमधली फ्रान्सच्या ताब्यातली दोन बेटं, भरपूर ऊन, भरपूर पाऊस. तिथे केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं. अमेरिकेत ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार १९७५ मध्ये आजारी पडल्यावर तिकडे बंद झालं, फ्रान्सने १९९० मध्ये बंदी घातली तरी बेटांवर सवलत देऊन आणखी तीन वर्षं चालूच ठेवलं. आज वापर बंद होऊन तीन दशकं उलटली, तरी ते मातीत आहे, झऱ्यात आहे, किनाऱ्यालगतच्या काही भागात मासेमारीवर बंदी आहे आणि तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढ माणसांच्या रक्तात ते सापडतं. ज्यांनी आयुष्यात केळीची बाग केली नाही त्यांच्याही. मला या गोष्टीचा अजून राग येतो, कारण माहीत असून चालू ठेवलं.

बांधावरून:
वरची माहिती चांगली आहे पण थोडी दुसरी बाजूही सांगतो, रागावू नका. क्लोरडेकोन हे टोकाचं उदाहरण झालं, आज दुकानात मिळणारी बहुतेक औषधं तशी नाहीत. आणि युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका औषधाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) आहे, ती विषारीपणा मोजून ठरवलेली नाही, पाण्यात औषध असूच नये या विचाराने ठेवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे काहीतरी सापडलं म्हणजे लगेच विषबाधा असं नसतं. फवारणी बंद केली तर पीक हातचं जाईल, मग शेतकऱ्याने करायचं काय ते पण सांगा कोणीतरी.

लाल_माती:
@बांधावरून, रागावण्यासारखं काहीच नाही, मुद्दा रास्त आहे. फक्त दोन गोष्टी. क्लोरपायरिफॉस हे जुनं टोकाचं उदाहरण नाही, अगदी कालपर्यंत बऱ्याच देशांत वापरात होतं आणि २०२५ मध्ये तेही स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ विषारी रसायनं हटवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं, ज्या यादीत क्लोरडेकोन २००९ ला आणि एन्डोसल्फान २०११ ला गेलं होतं. आणि बहुतेक मर्यादा एकेका औषधाच्या असतात, बाळ पितं ते मिश्रण असतं.

पीक हातचं जाईल म्हणालात त्यावर, इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक व्हायचा, फवारणी वाढवली तसा तो वाढतच गेला, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि पिकावरचे शिकारी ढेकूण आधी मरत होते. १९८६ मध्ये सरकारने भातावर ५७ औषधांना बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतात उतरून किडी आणि मित्रकीटक मोजायला शिकवलं. भात बुडाला नाही. सगळ्या पिकांना हेच लागू पडेल असं मी म्हणणार नाही, पण कॅलेंडर बघून फवारणी आणि कीड बघून फवारणी यात फार मोठा फरक आहे.

विहीरकाठ:
मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो. सगळे जण पिकावर फवारलेल्या औषधाबद्दल बोलतायत पण विहिरीचा प्रश्न असेल तर आधी पंप कुठे भरतात आणि कुठे धुतात ते बघा. जवळजवळ सगळीकडे हे काम पाण्यापाशीच होतं कारण पाणी तिथेच असतं. विहिरीच्या कठड्याला टेकवलेला पाठीवरचा पंप, बाजूला झाकण उघडी बाटली, औषध झाकणाने मोजताना दोन-चार थेंब दगडावर सांडतात, त्या दगडावर पांढरे ओघळ वाळलेले असतात, संध्याकाळी पंप तिथेच विसळून पाणी तिथेच ओततात आणि फाडलेली पाकिटं कठड्याच्या कोपऱ्यात पडलेली. हे शेतात पसरलेलं पातळ औषध नाही, हे बाटलीतलं कडक औषध आहे आणि खाली माती नाही, दगड आहे, त्याच्या फटीतनं थेट पाण्यात.

हिशेब करून बघा. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते साधारण एक लाख लिटर झालं. त्यात मूळ औषधाचा फक्त एक ग्रॅम गेला तर लिटरला १० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे वर सांगितलेल्या युरोपच्या मर्यादेच्या शंभर पट. न विसळता फेकलेल्या बाटलीच्या तळाला एवढं सहज राहतं.

आणि दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हे लगेच थांबवता येतं, त्याला पीक सोडावं लागत नाही. पाणी ड्रमने शेतात न्यायचं आणि औषध तिथे कालवायचं. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं म्हणजे औषधही वाया जात नाही. पंप धुतलेलं पाणी पिकावरच मारायचं. काही देशांत यासाठी बायोबेड करतात, स्वीडनमध्ये १९९३ ला सुरू झालं, खड्ड्यात निम्मं काड-भुसकट आणि बाकी माती व पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) भरायचं, वर गवत, आणि पंप त्यावर धुवायचा. भुसकटावरची बुरशी औषध मोडते. ओढ्याच्या काठाने दाट गवताचा पट्टा ठेवला तर वाहून येणारी माती तिथे अडते. आणि पाऊस येणार असेल त्या दिवशी फवारू नये, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

नितळ:
उकळण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. उकळून जंतू मरतात, औषध जात नाही, उलट वाफ होऊन पाणी कमी झालं की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण किंचित वाढतंच. तुरटीने गाळ खाली बसतो, त्याला चिकटलेलं जाईल, विरघळलेलं तसंच राहील. क्लोरीनवर तर अजिबात भिस्त ठेवू नका, क्लोरपायरिफॉससारख्या औषधांचं क्लोरीनमुळे आणखी विषारी रूप तयार होतं. अॅक्टिव्हेटेड कार्बन बऱ्याच औषधांवर चालतो, मार्टिनिक-ग्वादलूपमध्ये पाणीपुरवठ्यासाठी तोच वापरतात, पण कार्बन वेळेवर बदलला नाही तर काही उपयोग नाही. आरओ चांगला, कार्बनसकट असेल तर जास्त चांगला. टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो मीटर क्षार दाखवतो, मायक्रोग्रॅममधलं औषध त्याला कळतच नाही.

बाळ असेल तर तपासणीची वाट बघत बसू नका, पावसाळ्याचे सुरुवातीचे आठवडे तरी पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.

ओलावा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी नीट सांगितलं नव्हतं. पंप विहिरीवरच भरतात आणि धुतात, @विहीरकाठ यांनी लिहिलंय अगदी तसंच, ते उद्यापासून बंद करायला सांगते. बाळासाठी पाण्याची दुसरी सोय होईल. एक शेवटचं, पाणी तपासायला द्यायचं तर नेमकं काय मागायचं? मागे एकदा दिलं होतं तर जडपणा, क्षार आणि जंतू एवढाच रिपोर्ट आला.

नितळ:
तो साधा रिपोर्ट, त्यात औषधं येतच नाहीत. लॅबला "कीटकनाशक अवशेष, मल्टी रेसिड्यू, जीसी-एमएस आणि एलसी-एमएस दोन्हीवर" असं स्पष्ट सांगा, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं शोधणारी तपासणी, दोन वेगळ्या प्रकारच्या यंत्रांवर. आधी गेल्या दोन-तीन वर्षांत वर काय काय फवारलं त्याची यादी काढा, बाटलीवरचं कंपनीचं नाव नको, खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते लिहा आणि त्यांच्या तपासणीत ते घटक आहेत का विचारा. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही तणनाशकं या सर्वसाधारण तपासणीत धरले जात नाहीत, त्यांची वेगळी टेस्ट मागावी लागते. मल्टी रेसिड्यूचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत नको, काही औषधं प्लॅस्टिकला चिकटतात, लॅबकडूनच गडद काचेची बाटली घ्या (पॅराक्वाट उलट काचेला चिकटतं, त्या टेस्टसाठी कुठली बाटली ते लॅबला विचारा), बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवा.

आणि नमुना उन्हाळ्यात घेऊ नका. पहिला मोठा पाऊस पडून विहिरीला नवं पाणी आलं की तेव्हाचा घ्या, जमलं तर महिन्याने परत एक.

विहीरकाठ:
+१. रिपोर्ट आला की घटकांची नावं इथे टाका, वाचायला मदत करू.