बिहारचं आयुष्मान कार्ड, ऑपरेशन पुण्यात. मुलाचं नाव कार्डावर नाही

मुळाकाठ:
वाघोलीच्या साइटवरचं बिहारी गवंडी कुटुंब आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाला छिद्र निघालंय. आईबापाकडे गावचं आयुष्मान कार्ड आहे, त्यात मुलाचं नाव नाही. रुग्णालयाच्या काउंटरवर एकच पालुपद, "महाराष्ट्राचं रेशनकार्ड आणा." काय करावं?

पेठकरी:
दोन योजनांची गल्लत होतेय. महाराष्ट्राचं रेशनकार्ड मागतात ते राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेसाठी. (बिहारच्या रेशनकार्डावर इथे धान्य मिळतं, पण ते कार्ड फुले योजनेला चालत नाही.) आयुष्मान मात्र परराज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) 'पोर्टेबिलिटी केस', म्हणजे परराज्यातलं कार्ड, असंच सांगा. त्याआधी आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारा, की हे रुग्णालय लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी संलग्न आहे का. बोर्ड लागलाय म्हणून सगळे विभाग योजनेत असतातच असं नाही.

चावडी:
खरी मेख नावात आहे. सदस्य जोडायचा अर्ज इथून करता येतो, पण मंजुरी बिहारची. ऑपरेशनची पूर्वमंजुरीही तिकडचीच. तेव्हा तारखेच्या मागे लागण्याआधी नाव चढवा. मुलाचं आधार, जन्मदाखला आणि नातं दाखवणारा कागद हाताशी ठेवा. गावच्या रेशनकार्डावर मुलाचं नाव असेल तर उत्तम. पाच वर्षांखालच्या निळ्या आधारला बोटांचे ठसे नसतात, म्हणून सगळी भिस्त ओटीपीवर. आणि साइट बदलली की सिमही बदलतं! जुन्या नंबरावर ओटीपी जातो नि अर्ज तिथेच अडकतो. आधी आधार केंद्रात चालू नंबर जोडून घ्या. एका कागदावर 'कुमार' आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा.

मुळाकाठ:
आधीच्या इकोचे पैसे परत मिळतील?

पेठकरी:
नाही. ओपीडी यात बसत नाही. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरतात, तेवढंच.

अडाणी_आगाऊ:
मंजुरीची वाट बघत बसू नका. जवळच्या अंगणवाडीत मुलाचं नाव घाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या मोफत उपचारांच्या यादीत आहे. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागेल. अर्ज भरतीच्या वेळीच द्या, बिल हातात पडल्यावर नव्हे, आणि शिक्क्याची पोच घ्या. मूल अत्यवस्थ झालं तर अशा रुग्णालयाला डिपॉझिटसाठी भरती अडवता येत नाही.